कॉटपासून संडासापर्यंत : पेशंट पडू नये म्हणून काय करायचं, आणि पडलाच तर काय

नवी स्टाफ सिस्टर माझ्या वॉर्डात रुजू झाली की औषधांची ट्रॉली दाखवायच्या आधी मी तिला संडासची वाट दाखवते. सहा नंबरच्या कॉटवर आडवं व्हायला सांगते, एका हातात सलाईनचं स्टँड देते आणि म्हणते, "आता उठ आणि संडासला जाऊन ये." एकवीस पावलं आहेत. त्या एकवीस पावलांत तिला कळतं की स्टँडचं एक चाक अडकतं. पाचव्या पावलाला कूलरखाली ओल असते. संडासच्या दाराशी दोन बोटं उंचीचा उंबरा आहे, स्टँड त्यावरून उचलून घ्यावं लागतं. आत भारतीय पद्धतीचं भांडं आहे आणि उठताना धरायला नळाशिवाय काही नाही. तेवीस वर्षांची धडधाकट पोरगी यातून सहज जाऊन येते. मग मी तिला म्हणते, "आता समज तुझं वय सत्तर आहे, हिमोग्लोबिन सात आहे, चष्मा सापडत नाहीये आणि पहाटेचे चार वाजलेत."

मी नागपुरात बावीस वर्षं नर्सिंग करते आहे. सरकारी वॉर्ड पाहिले, खाजगी पाहिले. या काळात पडलेले पेशंट आठवले तर बहुतेकांची गोष्ट एकच आहे: संडासला किंवा लघवीला निघाले होते, एकटे निघाले होते आणि कोणाला त्रास द्यायचा नव्हता. म्हणून पडणं थांबवायचं काम मी लघवीपासून सुरू करते. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

हा लेख वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टर-ब्रदर्ससाठी आहे. पेशंटजवळ थांबणाऱ्या नातेवाइकांनीही वाचावा, कारण रात्री आमच्याहून जवळ तेच असतात.

कागदावर ३५, प्रत्यक्षात ११५

काही वर्षांपूर्वी मी ज्या रुग्णालयात होते तिथली ही गोष्ट. भंडाऱ्याकडचे एक बाबा, अडुसष्ट वर्षांचे. हृदय कमजोर झालेलं, पायावर सूज, जोडीला मधुमेह. तिसरा दिवस होता, दम बराच कमी झालेला. नवतपा सुरू होता, पारा पंचेचाळीसच्या वर. वॉर्डातले दोन्ही कूलर रात्रभर चालू. मुलगा दिवसभर औषधांसाठी, रिपोर्टसाठी धावून दमला होता. कॉटला लागून चटई टाकून झोपला होता.

चार वाजून दहा मिनिटांनी स्टँड पडल्याचा आवाज आला. मी पोचले तेव्हा बाबा कूलरच्या बाजूला उजव्या कुशीवर पडले होते, हातातलं स्टँड सोडलं नव्हतं. मुलगा झोपला होता ती बाजू टाळून ते मुद्दाम दुसऱ्या बाजूने उतरले होते. मला बघून पहिलं वाक्य बोलले, "पोराले काऊन उठवू बाई, दिवसभर धावला थो. मले वाटलं जमते." उजवा पाय आखूड दिसत होता आणि पंजा बाहेर वळलेला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं.

सकाळी मी त्यांचा मोर्स फॉल स्केलचा कागद काढला. जॅनिस मोर्स या नर्सिंग संशोधकांनी १९८९ मध्ये मांडलेली पडण्याचा धोका मोजणारी ही पट्टी आपल्याकडे बऱ्याच रुग्णालयांत वापरतात. सहा प्रश्न आहेत. आधी पडल्याचा इतिहास असेल तर २५. एकाहून जास्त आजार असतील तर १५. चालताना काठी किंवा वॉकर लागत असेल तर १५, भिंत-फर्निचर धरून चालत असेल तर ३०. सलाईन किंवा इंट्राकॅथ (शिरेत बसवलेली बारीक नळी) असेल तर २०. चाल अशक्त असेल तर १०, बिघडलेली असेल तर २०. आणि स्वतःला किती जमतं याचा अंदाज चुकत असेल तर १५. एकूण १२५. पंचवीसच्या खाली धोका कमी, ४५ आणि वर जास्त, मधलं मध्यम.

बाबांच्या कागदावर ३५ लिहिले होते: दुसरा आजार १५, इंट्राकॅथ २०. चालीपुढे 'बेडरेस्ट' लिहून शून्य, आधारापुढेही तेच. भान ठीक, शून्य. मुलाशी बोलल्यावर कळलं की आठच दिवसांआधी ते घरी अंगणात पडले होते. घरात भिंत धरून चालायचे. चाल अशक्त होतीच. आणि 'जमते' असं वाटून ते एकटे उठले, तेव्हा शेवटचे १५ सुद्धा द्यायला हवे होते. बेरीज ११५.

कागद भरणारी सिस्टर कामचुकार नव्हती. तिने जे विचारलं त्याचं उत्तर लिहिलं. प्रश्न चुकीचे विचारले गेले होते, आणि आमच्यापैकी बहुतेक जण तसेच विचारतात.

दाखल करताना काय विचारायचं

"आधी पडले होते का?" असं विचारलं की आपली माणसं "नाही" म्हणतात. पडणं त्यांच्या हिशेबी म्हणजे हाड मोडणं. म्हणून वेगळं विचारा: "घरी कधी घसरलात का? भोवळ येऊन बसावं लागलं का? चालताना भिंत धरता का?" पेशंटला विचारून झालं की तेच नातेवाइकाला बाजूला घेऊन विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर नातेवाइकाचं धरा.

मग विचारा, "रात्री लघवीला किती वेळा उठता?" हा प्रश्न मोर्सच्या पट्टीत नाही, पण मला सगळ्यात उपयोगी पडलेला आहे. तीन वेळा म्हणाले तर त्या रात्री ते तीन वेळा उठणार, तुम्ही सांगा किंवा नका सांगू. अंदाजे वेळ विचारून ओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना काम सोपवायच्या, वहीत लिहा: 'कॉट ६, रात्री १२, २ व ४ च्या सुमारास लघवीला उठतात'. नाइटच्या सिस्टरला हे एक वाक्य पूर्ण पट्टीपेक्षा जास्त कामाचं आहे.

भान तपासायला "तुम्ही कुठे आहात?" एवढं पुरत नाही. मोर्सच्या पट्टीत प्रश्न असा आहे: एकट्याने संडासला जाता येईल का? पेशंटचं उत्तर आणि डॉक्टरांची ऑर्डर ताडून बघायची. ऑर्डर आहे 'आधाराने चालवणे' आणि पेशंट म्हणतो "हो, जातो की मी", तर १५ गुण द्या. नाव-गाव बरोबर सांगणारे पेशंट इथे सुटतात.

पट्टी एकदा भरून विसरायची नसते. ऑपरेशन झालं, ताप चढला, झोपेची गोळी सुरू झाली, वॉर्ड बदलला, पेशंट पडला, की पुन्हा भरायची. शिवाय काही पेशंट पट्टीत कमी गुणांचे दिसतात पण पडतात. आपल्या विदर्भात सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) तरुण पेशंट नेहमी येतात. खुब्याचा रक्तपुरवठा बिघडून ते लंगडत असतात, वरून दुखण्यासाठी कडक इंजेक्शन दिलेलं असतं, आणि वय पंचवीस म्हणून कोणी लक्ष देत नाही. सिझर झालेली बाई पहिल्यांदा उभी राहते तो क्षण तसाच. कमरेतलं भुलीचं इंजेक्शन उतरून पाय हलायला लागले म्हणजे ते भार पेलतील असं नाही. तिच्याबरोबर बाळाचाही विचार करा: आई पाजता पाजता झोपते आणि बाळ कुशीतून घसरतं. पाजून झालं की बाळ पाळण्यात ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, आणि तसं ठेवायला कोणी जवळ आहे का ते बघा.

कॉट आणि आजूबाजूची जागा

यात फार विद्वत्ता नाही, फक्त रोज बघावं लागतं. चाकांचे ब्रेक लागलेत का हे पायाने दाबून बघा. कॉट खालीवर होत असेल तर झोपताना सगळ्यात खाली. पाय ठेवायचं लोखंडी स्टूल कामापुरतं घ्या आणि पलंगाखाली आत सरकवा. चष्मा, पाण्याचा पेला, मोबाइल, युरिनल हे हाताच्या अंतरावर, आणि हात कुठला धड आहे ते बघून त्या बाजूला. डाव्या बाजूला लकवा असलेल्या माणसाचं पाणी डावीकडे ठेवलेलं मी कितीदा तरी पाहिलं आहे.

बेल दाखवायची म्हणजे बोट करून दाखवायची नाही. पेशंटकडून एकदा दाबून घ्यायची. दाबता येत नसेल, बेल मागे लोंबकळत असेल किंवा वॉर्डात बेलच नसेल, तर स्टीलचा पेला आणि चमचा उशाशी ठेवा. चमच्याचा आवाज रात्री लांबवर येतो.

पायात काय आहे ते बघा. गुळगुळीत झालेली रबरी स्लिपर ओल्या फरशीवर धोक्याची आहे. नुसते मोजे त्याहून वाईट. मागे पट्टा असलेली चप्पल घरून आणायला सांगा. लुंगी, धोतर, लांब गाऊन टाचेखाली येत असेल तर वर खोचून द्या. लुगड्याचा घोळ पायात येतो, तो आजीला स्वतःला कळत नाही.

उन्हाळ्यात कूलर. मार्च ते जून आमच्या वॉर्डात पाण्याचं मुख्य कारण हेच असतं. टाकी काठोकाठ भरली की पाणी सांडतं, ताट्यांतून टपकतं, नळीतून गळतं. कूलर चालायच्या वाटेपासून दूर सरकवायला लावा, खाली ट्रे ठेवा आणि प्रत्येक राउंडला जमिनीकडे बघा. पोछ्याची वेळही बदलून घ्या. बऱ्याच ठिकाणी सकाळी सहाला फिनाइलचा पोछा लागतो, आणि नेमकी तीच पेशंटची संडासला जायची वेळ असते. आम्ही मावशींशी बोलून अर्धी अर्धी बाजू पुसायचं ठरवलं. एक बाजू वाळेपर्यंत दुसरीकडून जाणं-येणं. पैसा लागला नाही, फक्त मावशींना त्यामागचं कारण नीट सांगावं लागलं.

साइड रेल, म्हणजे कॉटच्या कडेचे कठडे, हा वादाचा विषय आहे, मी माझं मत सांगते. शुद्धीत असलेल्या, कूस वळताना आधार हवा असलेल्या पेशंटला एक-दोन रेल वर असणं चांगलं. भूल उतरत असलेला पेशंट स्ट्रेचरवर असेल तर दोन्ही वर हव्यातच. पण गोंधळलेल्या, उठून जाऊ पाहणाऱ्या माणसाच्या चारही बाजूंना रेल लावल्या तर तो त्यावरून चढतो, आणि मग कॉटच्या उंचीवरून नाही, रेलच्या उंचीवरून पडतो. 'रेल वर केली' असं लिहून आपण मोकळे होतो, पेशंट मोकळा होत नाही. त्याला लघवी लागलेली असते.

बोलावण्याची वाट बघू नका

खरी मेहनत इथे आहे. बेल दिली तरी आपली माणसं ती दाबत नाहीत. गावाकडचा म्हातारा सिस्टरला 'लघवी लागली' असं सांगायला लाजतो. आजी ब्रदरला तर सांगणारच नाही. पुष्कळांना वाटतं, सिस्टर आधीच किती कामात आहेत, आणखी काय सांगायचं. म्हणून आपण आधी विचारायचं.

प्रत्येक फेरीत चार गोष्टी: लघवी-संडास, दुखणं, कूस, आणि हाताशी लागणाऱ्या वस्तू. दिवसा दर तासाला, रात्री दर दोन तासांनी. मागाहून वॉर्डातून बाहेर पडताना, "मी पुन्हा बारा वाजता येते, तोवर उठायचं झालं तर चमचा वाजवा." वेळ सांगितली की माणूस थांबतो. 'येतेच' म्हटलं तर थांबत नाही.

तीस कॉट आणि रात्री दोन सिस्टर असताना हे कसं करायचं, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. सगळ्यांपाशी दर दोन तासांनी जाणं होत नाही. म्हणून संध्याकाळच्या ओव्हरला पाच नावं ठरवा: आज रात्री पडण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेले पाच. त्यांच्या कॉट शक्यतो नर्सिंग स्टेशनजवळ आणि संडासजवळ घ्या. झोपायच्या आधी, साडेनऊ-दहाला, या पाचांना सोबत नेऊन लघवी करवून आणा. बारा, दोन, चारला यांच्यापाशी जा, बाकीच्यांकडे नजर टाका. चारची फेरी कधीही चुकवू नका. पहाटे आपल्यालाही डुलकी येते आणि पेशंटची मूत्राशयं भरलेली असतात.

चारचंच का, हे लॅसिक्स या लघवी वाढवणाऱ्या औषधावरून समजेल. शिरेतून दिलं तर पाच मिनिटांत काम सुरू करतं आणि दोनेक तासांत ओसरतं. गोळी तासाभरात सुरू होते आणि सहा ते आठ तास चालते. बाबांची दुसरी गोळी रात्री दहाची होती. म्हणजे अकरापासून पहाटेपर्यंत त्यांना लघवी लागतच राहणार होती, आणि ही वेळ आम्हीच ठरवली होती. तेव्हापासून दिवसातून दोनदा लॅसिक्स लिहिलेलं दिसलं की मी डॉक्टरांना विचारते, "सर, दुसरा डोस दुपारी चारला देऊ का?" आजवर कोणी नाही म्हणालेलं नाही. एनिमा, जुलाबाचं औषध, दुर्बिणीच्या तपासणीआधीची पोट साफ करायची पावडर यांचंही तसंच: औषध दिलं की त्या पेशंटची पुढची सहा तासांची वाट तुमची.

संडासच्या आत पेशंटला एकटं सोडून दुसऱ्या कामाला जायचं नाही. दार लोटलेलं, कडी न लावलेली, आणि तुम्ही किंवा नातेवाईक बाहेर हाताच्या अंतरावर. लाज राखायची असते, ती पाठ फिरवून राखता येते. उकिडवं बसून उठताना रक्तदाब झपकन खाली येतो, पुरुषांना उभ्याने लघवी करता करता चक्कर येते, म्हणून पुरुषांनाही बसूनच करायला सांगा. अशक्त पेशंटसाठी कॉटशेजारी कमोड खुर्ची सगळ्यात चांगली. ती वॉर्डात एकतरी असावी म्हणून मी मागणीपत्रं दिली आहेत आणि मिळेपर्यंत देत राहिले आहे.

उठवताना

झोपलेल्या माणसाला एकदम उभं करू नका. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून कॉटच्या काठावर बसवा. दोन-तीन मिनिटं बसू द्या, पंजे वर-खाली हलवायला सांगा. डोळ्यांपुढे अंधारी येते का, घाम येतो का, विचारा. मग उभं करा आणि लगेच चालवू नका, तिथल्या तिथे थोडं थांबवा. शंका असेल तर झोपलेल्या स्थितीत बीपी घ्या, उभं केल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा आणि तोवर पेशंट एकटा उठणार नाही असं लिहा. उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेल्या पेशंटमध्ये हे फार दिसतं.

चालवताना कमजोर बाजूला उभं राहा. पेशंटने तुमच्या गळ्यात हात टाकायचा नाही, तुम्ही त्याच्या कमरेमागे धरायचं. चालता चालता तो कोसळायला लागला तर त्याला उभं धरून ठेवायचा प्रयत्न करू नका. दोघेही पडाल, आणि तुमची कंबर जाईल. पाय फाकवून उभं राहा, त्याला स्वतःच्या अंगावर ओढून घ्या आणि मांडीवरून हळूहळू जमिनीवर सरकू द्या. डोकं सांभाळा. असं खाली उतरवलेला पेशंटही 'पडणे' म्हणूनच नोंदवायचा. त्यात कमीपणा नाही, डोकं वाचवलं आहे तुम्ही.

औषधं आणि गोंधळलेला पेशंट

झोपेच्या गोळ्या, ट्रामाडॉल, फेनरगन, फिटची औषधं, बीपीच्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीची टॅमसुलोसिन, इन्सुलिन, या सगळ्यांनी पेशंट पडतो. प्राझोसिन या बीपी उतरवणाऱ्या गोळीचा पहिला डोस विशेष लक्षात ठेवा. विंचूदंशावर ते वापरायची पद्धत महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुजवली आणि आपल्याकडे खेड्यातून विंचू चावलेली पोरं, माणसं येतच असतात. गोळी दिल्यावर पेशंट आडवाच राहिला पाहिजे. वेदना कमी झाल्या म्हणून उठून बसला की बीपी कोसळतो.

अचानक बरळायला लागलेला, सुया उपसणारा म्हातारा 'त्रास देणारा' नसतो, आजारी असतो. बांधायच्या आधी कारण शोधा. लघवी तुंबली आहे का? पोटावर हात ठेवून बघा. संडास किती दिवस झाली नाही? ताप? शुगर? ऑक्सिजन? चष्मा आणि कानाचं यंत्र कुठे आहे? दारू पिणारा पेशंट दाखल होऊन दुसरा-तिसरा दिवस आहे का? हात-पाय बांधणं डॉक्टरांच्या लेखी ऑर्डरशिवाय नाहीच, आणि ऑर्डर असली तरी बांधलेला माणूस जास्त झटापट करतो हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. ओळखीचा आवाज उशाशी असणं यासारखा उपाय नाही. एक दिवा मंद चालू ठेवा.

नातेवाइकांशी बोलताना

'पेशंटला एकटं सोडू नका' या सूचनेचा उपयोग होत नाही. गडचिरोली, गोंदिया, किंवा तिकडून छिंदवाडा, बालाघाटहून आलेला माणूस रात्रभर प्रवास करून आलेला असतो. त्याला झोप लागणारच. मी असं सांगते: "दादा, तुम्ही झोपा, पण चटई या बाजूला टाका, बाबा ज्या बाजूने उतरतात तिथे नाही. आणि बाबांना माझ्यासमोर सांगा की रात्री उठवलं तरी चालेल." हे शेवटचं वाक्य मुलाच्या तोंडून बाबांच्या कानावर पडलंच पाहिजे. आमच्या त्या बाबांना ते कोणी म्हटलं नव्हतं. मध्य प्रदेशातल्या मंडळींना हेच हिंदीत सांगा, अर्धवट समजलेल्या मराठीवर सोडू नका. जेवायला, डबा आणायला जाताना नातेवाइकाने सिस्टरला सांगून जायचं, हे दाखल होतानाच ठरवा.

पडलाच तर

पहिली गोष्ट: उचलू नका. आजूबाजूचे चार जण धावत येतात आणि काखेत हात घालून उभं करायला बघतात. त्यांना थांबवा. मोडलेलं हाड किंवा मानेची दुखापत असेल तर त्या एका ओढण्याने वाढते. पेशंटजवळ जमिनीवर बसा, मदतीला हाक मारा.

शुद्ध, श्वास, नाडी. मग विचारा, डोकं आपटलं का, मान दुखते का, कुठे दुखतं. बीपी, ऑक्सिजन, शुगर, डोळ्यांच्या बाहुल्या. शुगर विसरू नका, पडण्याचं कारण तिथेच सापडू शकतं. दोन्ही पाय शेजारी ठेवून लांबी बघा. एक आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर खुबा धरून चाला आणि हलवू नका. डॉक्टर बघून हो म्हणाले की चादरीवर किंवा स्ट्रेचर-बोर्डवर चार जणांनी एका ठोक्यात उचला.

फोनवर डॉक्टरांना सांगताना एक वाक्य न विचारताही सांगा: पेशंट रक्त पातळ करणाऱ्या औषधावर आहे की नाही. वॉरफरिन, हेपरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन. अशा पेशंटच्या डोक्यातला रक्तस्राव काही तासांनीही वर येतो, तेव्हा तो आत्ता हसत बोलतो आहे यावर जाऊ नका. डोकं आपटलेलं असेल किंवा पडताना कोणी पाहिलेलं नसेल, तर शुद्ध आणि बाहुल्या पहिले दोन तास दर अर्ध्या तासाने, पुढचे चार तास दर तासाने, मग दर दोन तासांनी. उलटी, वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, एका बाजूची शक्ती कमी होणं, यातलं काहीही दिसलं की लगेच कळवा.

नोंद पाहिल्याप्रमाणे लिहा, तर्क लिहू नका. बाबांची नोंद मी अशी केली होती:

"०४.१० वा. पेशंट कॉट क्र. ६ च्या उजव्या बाजूस जमिनीवर उजव्या कुशीवर आढळले. पडताना कोणी पाहिले नाही. शुद्धीवर, नाव व ठिकाण बरोबर सांगतात. 'लघवीला निघालो, पाय सरकला' असे सांगतात. जमीन ओली. उजवा पाय आखूड व बाहेर वळलेला, हलवल्यास तीव्र वेदना. नाडी ९६, बीपी १००/६०, शुगर १४२. डोक्यास जखम नाही. ०४.१५ वा. आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) फोनने कळवले. ०४.२५ वा. त्यांनी तपासले. मुलास समक्ष सांगितले."

'जमीन ओली' हे दोन शब्द लिहू नकोस असं मला तेव्हा सांगण्यात आलं. मी लिहिले. ते लिहिले नसते तर कूलर तिथेच राहिला असता.

नातेवाइकांना लपवून काही होत नाही. मुलगा ओरडला, "तुम्ही काय करून राहिले होते मंग?" त्या वेळी कामाचा भार, स्टाफची कमतरता हे सांगायचं नसतं. "बाबा पडले आहेत. पायाला मार लागला आहे, डॉक्टर आले आहेत, आता एक्स-रे होईल. हे आमच्या वॉर्डात घडलं याचं मला फार वाईट वाटतं. कसं घडलं ते शोधून तुम्हाला सांगेन." आणि मग खरंच सांगायचं.

त्याच पाळीत, सगळे असतानाच, पाच मिनिटं उभ्या उभ्या बोला. कोणाचं चुकलं हे नाही, काय काय जुळून आलं: कूलर, दहाची गोळी, चटई, भरलेला कागद. पेशंटची पट्टी पुन्हा भरा, कारण एकदा पडलेला पुन्हा पडतो. आणि ज्या सिस्टरच्या पाळीत पडला तिला एकटीला घरी पाठवू नका. मी त्या सकाळी बसमध्ये बसून अजनीपर्यंत रडत गेले होते. कोणीतरी चहाला थांबवलं असतं तर बरं झालं असतं.

मोजताना

एनएबीएच या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेच्या दर्जा निर्देशांकांत पडण्याचं प्रमाण दर १००० रुग्णदिवसांमागे काढतात. समजा वॉर्डात रोज सरासरी २७ पेशंट, महिना ३० दिवसांचा, म्हणजे ८१० रुग्णदिवस. दोन जण पडले तर २ भागिले ८१० गुणिले १०००, साधारण २.५. महिन्याचा आकडा वर-खाली होतच असतो, वर्षाचा कल बघा. पण आकडा एकदम शून्यावर आला तर मला आनंद होत नाही, मी नाइटच्या मुलींशी बोलते. पडल्याची नोंद केली की मेमो मिळतो असं वाटलं, तर पेशंट पडतच राहतात, फक्त कागदावर येत नाहीत.

सुटी देताना

बाबांचं ऑपरेशन झालं आणि ते वॉकरवर घरी गेले. कार्डावर औषधं लिहून झाल्यावर मी मुलाला विचारलं, "घरी संडास कुठे आहे?" म्हणाला, अंगणाच्या टोकाला. "बाबांच्या खाटेपासून पावलं किती?" त्याने डोळे मिटून मनात मोजली. "चाळीस तरी होतील." मग आम्ही कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलं: खाट पुढच्या खोलीत, दाराजवळ. रात्री खाटेशी युरिनल. लॅसिक्स सकाळी आठ आणि दुपारी चार. अंगणात दिवा रात्रभर चालू. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून कमोड, पाय हलत नाहीत ना ते बघून. आणि सगळ्यात खाली मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'बाबा, मले उठवत जा.'